पिंवळ्या दिव्याचें निदान

गेल्या अंकांत उन्हाळ्याच्या बेगमीविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते. या महिन्यांत त्याच ओघांत कोठीच्या व्यवस्थेविषयीं लिहावें असा संकल्प होता. परंतु २०२४ सालीं आमच्या घरांत जें एक प्रकरण घडलें, त्याची आठवण परवां एका स्नेह्यांच्या पत्रानें जागी झाली, आणि कोठी पुढील अंकावर टाकून त्या प्रकरणाचीच हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें मनानें घेतलें. स्नेही लिहितात कीं, त्यांच्या जुन्या मोटारींत समोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिंवळा दिवा वारंवार लागतो, मिस्त्री तो विझवून देतो, आठ दिवसांनीं तो पुन्हां लागतो. आणि आतां घरांत अशी समजूत होऊन बसली आहे कीं, धाकटे चिरंजीव गाडी नीट हांकीत नाहींत. हें शेवटचें वाक्य वाचून आम्ही चपापलों.

एका सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकानें मोटारीच्या यंत्राविषयीं लिहावें हें कित्येकांस विचित्र वाटेल, आम्हांसही वाटतें. आम्ही मॅट्रिकच्या पुढें इंग्रजी शिकलों नाहीं, आणि मोटार हांकण्याची विद्या तर आम्हांस आजतागायत साधलेली नाहीं. तथापि ज्या दिव्यापायीं आमच्या घरांत तीन महिने एका माणसानें मोकळेपणानें बोलणें सोडलें, तो दिवा केवळ मिस्त्रीच्या अखत्यारींतला आहे असें आतां आमच्यानें म्हणवत नाहीं.

आमचें कुटुंब साताऱ्यास राहतें. थोरल्या बंधूंच्या पश्चात् वहिनी आमच्यांतच आहेत. धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, त्यांचा मुलगा, आमची पत्नी, आमची सून आणि नववींत शिकणारा नातू अशी सारी मंडळी एका चुलीवर जेवतात. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरास असतात व सणावारीं येतात. गाडी २०१४ सालची, लहान, पेट्रोलवर चालणारी. पुतण्या ती गांवांतल्या गांवांत फिरवितो. घरापासून बँक, बँकेपासून मंडई, असा त्याचा चार मैलांच्या आंतला व्यवहार. सूनबाई मात्र दर गुरुवारीं पुण्यास एका महाविद्यालयांत शिकवावयास जाते. अंतर सुमारें ११० किलोमीटर. महिन्यांतून एका गुरुवारीं ती वहिनींनाही बरोबर नेत असे, कारण वहिनींच्या डोळ्याच्या पडद्यास सूज आहे आणि तेथील डॉक्टर डोळ्यांत इंजेक्शन देतात. वहिनींचें वय ७८. त्यांना पुण्यास नेणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरांत असें माणूस आहे त्यांना सांगावयास नको.

२०२४ च्या फेब्रुवारींत एका गुरुवारीं संध्याकाळीं सूनबाई परत आली ती सांगतच आली कीं, खंबाटकीचा घाट चढून आल्यावर पिंवळा दिवा लागला आहे. गाडी चालण्यांत कांहीं फरक नव्हता. धाकट्या बंधूंनीं ती एका मोठ्या वर्कशॉपांत नेली. तेथें एक यंत्र जोडून दिवा घालविण्यांत आला आणि कांहीं झालें नाहीं, असें सांगण्यांत आलें. तीन आठवड्यांनीं दिवा पुन्हां लागला. दिवस गुरुवार. या खेपेस जवळच्याच एका मिस्त्रीनें बॅटरीची तार काढून पुन्हां लावली, दिवा गेला. एप्रिलांत तो पुन्हां लागला, दिवस गुरुवारच. मे महिन्यांत वर्कशॉपानें एक सेन्सर बदलून साडेचार हजार रुपये घेतले. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत दिवा चौथ्यांदां लागला, आणि तेव्हां वर्कशॉपानें निर्णय दिला कीं, आतां कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदलला पाहिजे. खर्च अडतीस हजार.

अडतीस हजारांचा आंकडा ऐकला कीं एकत्र कुटुंबांत कारणांचा शोध फार जलद होतो. दिवा कोणाच्या हातांत लागतो? सूनबाईच्या. पुतण्याच्या हातांत तो कधीं लागला आहे काय? नाहीं. धाकटे बंधु म्हणाले, "ती घाटांत गाडी ताणते." पुतण्या कांहीं म्हणाला नाहीं, पण त्याच्या गप्प बसण्यांत संमति होती. आणि आम्ही, घरांतील वडील माणूस म्हणून, जेवणें झाल्यावर सूनबाईस समोर बसवून वाहन आणि गाय यांना सारखेंच जपावें लागतें अशा आशयाचें एक लहानसें प्रवचन केलें. तें प्रवचन आम्हांस त्या वेळीं बरेंच साधलें असें वाटलें होतें.

सूनबाईनें तें ऐकून घेतलें. "बरं, अप्पा," एवढेंच ती म्हणाली, आणि पुढच्या गुरुवारीं पहांटे उठून एस्. टी. नें पुण्यास गेली. जून, जुलै, ऑगस्ट. साताऱ्याचा पाऊस वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेल. छत्री, पुस्तकांची पिशवी आणि ओलें पातळ घेऊन ती रात्रीं नऊला घरीं येई. जुलैंत वहिनींचें इंजेक्शन तीन आठवडे लांबलें, कारण त्यांना एस्. टी. च्या पायऱ्या चढवेनात व पुतण्यास रजा मिळेना. आम्हीं तिला गाडी नेऊं नकोस असें कधींच म्हटलें नव्हतें, हें आम्ही स्वतःस पुनःपुन्हां सांगत असूं.

वर्कशॉपानें जूनमध्यें दिवा विझवून दिला होता, आणि या तीन महिन्यांत तो एकदांही लागला नाहीं.

हें मात्र सर्वांनीं निर्णायक मानलें. सूनबाई हांकते तेव्हां दिवा लागतो. सूनबाई हांकीत नाहीं तेव्हां लागत नाहीं. यास आमच्या शास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, आणि दोन्ही जुळले कीं व्याप्ति ठरली असें साधारण मनुष्य समजतो. पण अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनीं पाठ केला आहे त्यांना एवढ्यावर थांबण्याचा अधिकार नाहीं. त्या शास्त्रांत उपाधि म्हणून एक प्रकार सांगितला आहे. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. परंतु जेथें अग्नि तेथें धूर, हें खरें नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर होण्यास सर्पण ओलें असावें लागतें. हें ओलेपण म्हणजे उपाधि. तें नजरेआड झालें कीं मनुष्य धुराचा दोष सरसकट अग्नीच्या माथीं मारतो. हा पाठ आम्हीं तीस वर्षें मुलांस शिकविला आणि दरवर्षीं त्यावर प्रश्नही घातला. आमच्या स्वतःच्या ओसरीवर मात्र तो आम्हांस सुचला नाहीं.

सुचविलें तें कोल्हापूरच्या रस्त्यानें. सप्टेंबरांत धाकट्या बंधूंच्या मेव्हण्यांकडे वास्तुशांति होती. पुतण्यानें गाडी नेली. शनिवारीं गेला, रविवारीं परतला, आणि परततांना कऱ्हाड मागें टाकल्यावर दिवा लागला. सूनबाई त्या वेळीं घरीं भाजणी भाजीत होती.

पुतण्याचा स्वभाव सरळ आहे. घरांत पाऊल टाकतांच त्यानें सर्वांदेखत सांगितलें, "दिवा माझ्या हातांत लागला." मग त्यास प्रश्न पडला कीं गांवांत तीन महिने न लागलेला दिवा दोन दिवसांत कसा लागला, आणि त्यानें तो प्रश्न सोडला नाहीं. या वेळीं त्यानें दिवा कोणास विझवूं दिला नाहीं, हें त्याचें शहाणपण.

आतां हा दिवा म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. पेट्रोल नीट जळण्यास एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. कितीही नीट जळलें तरी धुरांत कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलें इंधन आणि नत्रवायूचीं ऑक्साइडें राहतात. लॉस एंजल्स शहरावर जें धुरकट आच्छादन पडत असे तें या पदार्थांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतें, असें हागेन-स्मिट नांवाच्या डच कुळांतील रसायनज्ञानें १९५० च्या सुमारास दाखवून दिलें. पुढें मोटारींना कन्व्हर्टर बसविणें आलें. कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या नळींत बसविलेलें मधमाश्यांच्या पोळ्यासारखें बारीक छिद्रांचें चिनी मातीचें विटकूर. त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो आणि त्याच्या सान्निध्यानें विषारी वायूंचें पाणी, नत्रवायु व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर होतें. लेप स्वतः खर्च होत नाहीं. आपल्या देशांत दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथें विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना हें विटकूर १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचें झालें.

परंतु विटकूर काम करतें कीं नाहीं हें पाहणार कोण? यासाठीं गाडींतच एक पहारेकरी ठेवण्याची युक्ति कॅलिफोर्नियानें १९८८ च्या गाड्यांपासून सुरू केली, १९९६ च्या गाड्यांपासून ती सर्व अमेरिकेंत लागू झाली, आणि आपल्याकडे तिचा पहिला टप्पा २०१० सालीं व दुसरा, अधिक कडक, २०१३ सालीं आला. आमची गाडी या दुसऱ्या टप्प्यानंतरची. तिच्या धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारे दोन सेन्सर आहेत, एक विटकुराच्या अलीकडे व एक पलीकडे. इंजिन मिश्रण क्षणोक्षणीं कमीजास्त करीत असल्यामुळें अलीकडच्या सेन्सरचा विद्युद्दाब ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखालीं होतो. विटकूर निरोगी असेल तर तें प्राणवायु सांठवून ठेवतें व लागेल तसा देतें, म्हणून पलीकडचा सेन्सर जवळजवळ स्थिर राहतो. पलीकडचाही अलीकडच्यासारखाच नाचूं लागला कीं पहारेकरी समजतो, विटकूर निकामी झालें. आणि तो आपल्या वहींत पी-०४२० असा अंक लिहितो.

हीं अक्षरें मंत्रासारखीं गूढ नाहींत. पी म्हणजे यंत्राकडचा दोष. त्यापुढील शून्य म्हणजे हा अंक सर्व कंपन्यांना समान आहे. ४ म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या साधनांचा वर्ग. शेवटचे दोन अंक त्या वर्गांतील नेमकी तक्रार सांगतात. ३ असता तर ठिणगीचा किंवा सिलिंडर चुकण्याचा वर्ग झाला असता.

आतां उपाधि पहा. ही तपासणी पहारेकरी कोठेंही करीत नाहीं. इंजिन पुरतें तापलेलें हवें आणि गाडी कांहीं वेळ एकसारख्या वेगानें चाललेली हवी. मंडईच्या फेरींत इंजिन तापतें न तापतें तोंच थांबतें, म्हणून तेथें तपासणी होतच नाहीं; आणि जी तपासणी झालीच नाहीं तींत नापास कोण होणार? शिवाय एकदां नापास होऊन दिवा लागत नाहीं. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच लागतो. पुण्यास जातांना एक फेरी, येतांना दुसरी. म्हणून दिवा संध्याकाळीं, येतांना लागे. पुतण्यासही तो शनिवारीं जातांना लागला नाहीं, रविवारीं येतांना लागला. दोष सूनबाईच्या हातांत नव्हता, लांब रस्त्यांत होता. अधिक नेमकें सांगावयाचें तर दोष आधींपासून गाडींत होता आणि लांब रस्ता तो बोलून दाखवीत होता. दिवा विझविणें म्हणजे काय हेंही यावरूनच कळेल. यंत्रानें म्हणा वा बॅटरीची तार काढून म्हणा, पहारेकऱ्याची वही कोरी केली जाते. चोर घरांतच असतो. पहारेकरी मात्र पुन्हां पहिल्यापासून पाहूं लागतो.

हें सर्व आम्हांस पुतण्या व नातू यांनीं समजावून दिलें. पुतण्यानें आठशें रुपयांस काड्यापेटीएवढें एक यंत्र मागविलें. तें सुकाणूच्या खालीं सोळा छिद्रांच्या खोबणींत बसतें आणि मोबाइलवर अंक दाखवितें. अंक पी-०४२० निघाला. अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या भाच्यानें फोनवर सल्ला दिला होता कीं पेट्रोलच्या टांकीचें झांकण घट्ट बसवा, त्यानेंही असा दिवा लागतो. तिकडे तें खरें आहे. पण त्याचा अंक पी-०४५५ असा निराळा असतो. तेव्हां झांकणाचा प्रश्न मिटला.

त्याच यंत्रानें आणखी एक गोष्ट दाखविली, तिला गोठविलेलें चित्र म्हणतात. दोष नोंदला त्या क्षणीं गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचें तापमान हें सर्व पहारेकरी लिहून ठेवतो. पुतण्याच्या खेपेचें चित्र होतें : वेग ७६, फेरे २४००, पाणी ९१ अंश. तें पाहून नातू म्हणाला, "अप्पा, वर्कशॉपच्या बिलाबरोबर असाच कागद होता ना?" धाकटे बंधु फार टापटिपीचे, मे महिन्याचें बिल त्यांच्या फायलींत होतें व त्यास जोडलेला कागदही. त्यावर सूनबाईच्या खेपेचें चित्र छापलेलें होतें : वेग ७२, फेरे २३००, पाणी ९० अंश. घाट नव्हता, ताणणें नव्हतें. सपाट रस्त्यावर, पुतण्यापेक्षांही सावकाश, गाडी चालली होती. ज्या आरोपावर आम्हीं प्रवचन केलें त्याचें लेखी उत्तर प्रवचनाच्या आधीं महिनाभर आमच्याच कपाटांत होतें. तो कागद कोणीं वाचला नाहीं, कारण तो मोटारीचा कागद होता आणि आम्हांस माणसाविषयींचा निकाल हवा होता.

धाकट्या बंधूंनीं कागद दोनदां वाचला व चष्मा पुशीत बसले. सूनबाई स्वयंपाकघरांत होती. तिला बोलावून काय सांगावें हें आम्हां दोघांनाही सुचेना, आणि त्या दिवशीं आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं.

दोष मात्र अद्याप सांपडावयाचा होता. येथें वर्कशॉपाची चूक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती वैद्यांच्याही हातून होते. आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. यांतील उपशय म्हणजे औषध देऊन पाहणें आणि गुण आला कीं त्यावरून रोग ताडणें. रोग गूढ असेल तेव्हां हें साधन योग्यच. पण बाकीचीं चार बाजूस ठेवून एकट्या उपशयावर चालणारा वैद्य रोग्याच्या खर्चानें शिकतो. सेन्सर बदलून पाहिला, गुण नाहीं. आतां कन्व्हर्टर बदलून पाहूं. पी-०४२० हा अंक विटकूर मेलें असें म्हणत नाहीं. पलीकडचा सेन्सर नाचतो आहे, एवढेंच म्हणतो. तो विटकूर मेल्यानें नाचत असेल, सेन्सर बिघडल्यानें नाचत असेल, किंवा नळीला कोठें भेग असून तींतून बाहेरची हवा आंत शिरत असल्यानेंही नाचत असेल. धूर नळींतून सलग वाहात नाहीं, ठोक्याठोक्यानें जातो. दोन ठोक्यांच्या मध्यें नळींत किंचित् ओढ उत्पन्न होते, आणि फट असल्यास तींतून ताजी हवा आंत ओढली जाते. सेन्सरला तो प्राणवायु विटकुराच्या मागचा कीं फटीतला, हें कळत नाहीं. थर्मामीटर ताप दाखवितो. हिवताप कीं विषमज्वर, हें त्याला विचारूं नये.

आणि पूर्वरूप? तें वहिनींनीं सांगितलें होतें. मार्चपासून त्या म्हणत होत्या, "सकाळी गाडी सुरू होते तेव्हा पाल चुकचुकल्यासारखा आवाज येतो गं." त्यांना दिसत नाहीं, म्हणून त्या ऐकतात. आम्हीं हंसण्यावारी नेलें. धाकट्या बंधूंनीं तर गॅरेजांतली पाल हुसकून लावण्यास नातवास पाठविलें होतें. पुतण्यानें कोल्हापुराहून आल्यावर वहिनींजवळ बसून नीट विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या कीं आवाज पहिलीं दोन मिनिटेंच येतो, मग थांबतो, आणि थंडीच्या दिवसांत अधिक वेळ टिकतो.

हें वाक्य पुतण्यानें जसेंच्या तसें एका म्हाताऱ्या मिस्त्रीस सांगितलें. हा मिस्त्री सायलेन्सरचीं कामें करणारा, पाटीही नसलेला. त्यानें गाडी पाहण्याआधींच सांगितलें, "रात्रभर उभी ठेवा, सकाळी मी येतो. गरम गाडी आणू नका." कारण उघड आहे : धातु तापला कीं फुगतो आणि बारीक फट बरीचशी मिटते. वर्कशॉपांत गाडी नेहमीं तापलेलीच जात होती.

सकाळीं सात वाजतां तो आला. गाडी अंगणांत मोकळ्यावर काढविली. बंद गॅरेजांत इंजिन चालवूं नये, त्या धुरानें माणूस निजल्या ठायीं मरतो, हें त्यानें नातवास दोनदां बजावलें. इंजिन सुरू होतांच मागें नळीच्या तोंडावर त्यानें ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर दाबून धरावयास लाविला. धुरास मागें वाट मिळेना तसा पुढून फुसफुसाट स्पष्ट ऐकूं आला. मग साबणाचें पाणी ब्रशानें सांध्यांवर लाविलें. इंजिनाकडून येणारी नळी कन्व्हर्टरला जेथें मिळते त्या सांध्यावर नखाएवढ्या जागेंत बुडबुडे आले, ठोक्याठोक्यानें. सांध्याभोंवतीं काजळीचा एक बारीक पंखा उमटलेला होता. उजेड धरल्यावर तो आम्हांसही दिसला. चुलीच्या फुटक्या मडक्याभोंवतीं असतो तसाच.

सांध्यांतलें गॅस्केट एका बाजूस जळून गेलें होतें. दोन नट गंजून धरले होते, ते काढण्यांतच तास गेला. नवें गॅस्केट, दोन नटबोल्ट व मजुरी मिळून नऊशें पन्नास रुपये झाले. कन्व्हर्टरला त्यानें हातही लाविला नाहीं. पुतण्यानें त्यास अडतीस हजारांची गोष्ट सांगितली तेव्हां तो फक्त म्हणाला, "विटकूर मेलं असतं तर आधी सांगितलंच असतं."

प्रामाणिकपणें सांगावयाचें तर प्रत्येक पी-०४२० असा नऊशें पन्नासांत सुटत नाहीं. लाख दीड लाख किलोमीटर झालेल्या किंवा तेल जाळणाऱ्या गाडीचें विटकूर खरोखरच निकामी होतें, आणि मग पैसे मोजावेच लागतात. पण तो निर्णय सर्व सांधे पाहून झाल्यावरचा. स्नेह्यांस आम्हीं पत्रांत हेंच लिहिलें कीं, दिवा विझविण्यापूर्वीं अंक व गोठविलेलें चित्र कागदावर मागून घ्यावें. दिवा स्थिर जळत असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं, सवडीनें दाखवावें. मात्र तो लुकलुकत असेल तर सिलिंडर चुकत आहे, न जळलेलें पेट्रोल विटकुरांत जाऊन तें तापून फुटण्याचें भय आहे, तेव्हां वेग कमी करून लौकर थांबावें. तेलाचा किंवा उष्णतेचा तांबडा दिवा ही निराळीच गोष्ट. तेथें लागलींच इंजिन बंद. आणि पी. यू. सी. चें प्रमाणपत्र मिळालें म्हणून निश्चिंत राहूं नये. ती परीक्षा उभ्या गाडीची असते. आमच्या गाडीस तें ऑगस्टांत विनातक्रार मिळालें होतें. शेवटीं त्यांच्या धाकट्या चिरंजीवांविषयीं एक ओळ लिहिली. ती येथें देण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिली सूनबाई. गॅस्केट बसल्याच्या संध्याकाळीं आम्ही स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशीं गेलों आणि मे महिन्याचा तो कागद तिच्या हातांत दिला. आमच्या हातून अन्याय झाला, असें स्पष्ट सांगितलें. अडतीस वर्षें वर्गांत बोललों, पण तें वाक्य जिभेवर येण्यास फार वेळ लागला. तिनें कागद वाचला. "हा मी तेव्हाच वाचला होता, अप्पा," ती म्हणाली. मग तेव्हांच कां दाखविला नाहीस, असें आम्ही विचारणार होतों. परंतु त्या रात्रींच्या प्रवचनांत आम्हीं तिला एकही प्रश्न विचारला नव्हता, हें आठवून गप्प राहिलों.

किल्ली पुढें केली ती तिनें घेतली नाहीं. "दोन फेऱ्या झाल्याशिवाय तो दिवा बोलत नाही म्हणता ना? मग आधी दोन फेऱ्या तुम्ही करा."

तिचें म्हणणें न्याय्य होतें. पुढच्या रविवारीं पुतण्यानें गाडी काढली, आम्ही त्याच्या शेजारीं बसलों, आणि मागें मोबाइल हातांत धरून नातू. पुण्यास जाऊन, एका आप्तांकडे चहा घेऊन, परत आलों. वाटेंत पलीकडच्या सेन्सरचा आंकडा नातू मोठ्यानें वाचीत होता : ०.६४, ०.६६, ०.६५. खंबाटकी चढून वर आल्यावर आम्ही फळीवरून नजर हलविली नाहीं. दिवा लागला नाहीं. तिला विश्वास वाटावा म्हणून पुढील रविवारीं पुन्हां तीच यात्रा केली.

त्यानंतरच्या गुरुवारीं सूनबाई वहिनींना घेऊन गाडीनें पुण्यास गेली. निघण्यापूर्वीं इंजिन सुरू करून तिनें वहिनींच्या बाजूची कांच खालीं केली व दोघी दोन मिनिटें तशाच बसून राहिल्या. "काही नाही," वहिनी म्हणाल्या, "चल." अद्यापही दर गुरुवारीं सकाळीं, जावयाचें नसलें तरी, त्या काठी टेकीत ओसरीवर येतात आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत उभ्या असतात.